दीप्तिकालिता, वनस्पतींतील
दिवस व रात्र यांच्या सापेक्ष लांबीनुसार वनस्पतींची शाकीय वाढ, फुलणे इ. क्रियांचे नियमन होते. या आविष्काराला ‘दीप्तिकालिता’ म्हणतात. प्रकाशसंश्लेषणात प्रकाश ऊर्जा पुरवितो. येथे तो ऋतूचा संकेत असतो.

शोध व प्रकार : अमेरिकेच्या कृषी खात्यातील डब्ल्यू. डब्ल्यू. गार्नर व एच. ए. ॲलर्ड यांनी १९२० मध्ये हा आविष्कार मांडला. ‘बिलॉक्सी’ सोयाबीन निरनिराळ्या तारखांना पेरले, तरी ते जवळजवळ एकाच सुमारास फुलते, असे त्यांना आढळले. तूर, सोयाबीन व शेवंती या लघुदिनी, गहू व पालक या दीर्घदिनी, तर टोमॅटो ही दिन-उदासीन वनस्पती होय. के. सी. हॅमनर व जे. बॉनर यांनी १९३८ मध्ये शंकेश्वरावरील (झँथियम) प्रयोगांत दाखविले की, खरे महत्त्व अखंड रात्रीला असते. मध्येच अल्पकाळ प्रकाश पडल्यास लघुदिनी वनस्पती फुलत नाही.

यंत्रणा : पानांतील फायटोक्रोम हे रंजकद्रव्य तांबड्या प्रकाशाने (सु. ६६० नॅनोमीटर) क्रियाशील व दूर-तांबड्या प्रकाशाने (सु. ७३० नॅनोमीटर) निष्क्रिय होते. त्याच्याकडून मिळणारा संकेत वनस्पतीच्या दैनिक जैव घड्याळाशी जुळला की, पानांत एक विशिष्ट प्रथिन तयार होते. ते परिकाष्ठातून (अन्नरस वाहून नेणाऱ्या ऊतकातून) अग्रकलिकेकडे जाते आणि तेथे फुले येण्यास आरंभ होतो. पुष्पप्रेरक हॉर्मोनाची कल्पना एम. के. चैलाख्यान यांनी १९३० नंतरच्या दशकात मांडली. हे प्रथिन म्हणजेच तो प्रेरक असल्याचा पुरावा २००७ मध्ये मिळाला.

शेतीतील महत्त्व : लातूर जिल्ह्यातील चाकूर सु. १८° ३०' उ. अक्षांशावर असून तेथील दिनमान जूनमध्ये सु. १३ तास, तर डिसेंबरमध्ये सु. ११ तास असते. एवढा फरकही तुरीस पुरतो. जून-जुलैमध्ये पेरलेली मध्यम मुदतीची तूर पावसाळ्यात वाढते व रात्री मोठ्या होऊ लागल्यावर फुलते. पाऊस लांबून पेरणीस उशीर झाला, तरी फुलोरा तितका लांबत नाही. शाकीय वाढीचा काळच कमी होतो. झाड ठेंगणे राहते, फांद्या व शेंगा कमी धरतात. म्हणून उशिराच्या पेरणीत ओळींतील अंतर कमी करून झाडांची संख्या वाढवितात. याउलट उशिरा पक्व होणारा प्रकार हलक्या जमिनीत घेतल्यास दाणे भरण्याच्या वेळी ओलावा संपतो. लवकर पक्व होणारे प्रकार दिनमानाला सामान्यतः कमी संवेदी असल्याने कोरडवाहू भागास सोयीचे ठरतात. बदनापूर येथील संशोधन केंद्राचा ‘बीडीएन ७११’ हा असा प्रकार आहे.

सोयाबीनच्या बाबतीत उत्तरेकडील मोठ्या दिनमानासाठी निवडलेले प्रकार या अक्षांशावर अकाली फुलून खुजे राहतात; त्यामुळे बियाण्याची निवड स्थानिक दिनमानानुसार करावी लागते. रस्त्यावरील दिव्याजवळचे सोयाबीन बाकीचे शेत पिवळे पडल्यावरही हिरवे राहते, ते रात्रीचा अंधार खंडित झाल्यामुळेच. याच तत्त्वाने शेवंतीच्या लागवडीत रात्री दिवे लावून फुलोरा बाजाराच्या हंगामापर्यंत लांबविता येतो.