पाणी उतरलं की पळसदेवला चला!

उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी उतरलं, की इंदापूर तालुक्यातलं पळसनाथाचं मंदिर उघडं पडतं. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणामुळे जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं.

तिथे नुसते फोटो काढून परतू नका. जाणकार सोबत घ्या आणि तिथले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, खालून वर वाचायला शिका: तळाला लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, माथ्यावर शिवलिंगाची पूजा. दगडाजवळ उभं राहून कुणी हे एकदा समजावलं, की पुढे कुठल्याही गावच्या पारावरचा वीरगळ आपल्याशी बोलू लागतो.

असं समजावून सांगण्यासारखं या परिसरात आणखीही आहे: कवी मोरोपंतांची (१७२९–१७९४) बारामती, शिवरायांचे आजोबा मालोजीराजे यांचं इंदापूर. व्याख्यानांना विषय कितीतरी आहेत. शाळांनी अशी व्याख्यानं जरूर ठेवावीत.

आणि हो, पळसदेवला गेलात की कोरीवकाम उठून दिसावं म्हणून शिल्पांवर खडू, पावडर लावणं अजिबात नको.