करकायदा आणि निकाल : शोधावे कोठे?

रावेर-यावलकडचा केळीची रोपे विकणारा शेतकरी घ्या. रोपे शेतात नव्हे, पिशवीत वाढतात. मग हे उत्पन्न शेतीचे की धंद्याचे? आयकराची नोटीस आली म्हणजे सारे येथेच अडते, आणि जो तो पारावरचा सल्ला ऐकतो!

सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली राजा बिनयकुमार सहस राय यांच्या खटल्यात ठरविले, की नांगरणी-पेरणीसारखी मेहनत प्रत्यक्ष जमिनीवर झाली पाहिजे. या कसोटीवर रोपवाटिकांचे वाद होत. पुढे २००८ च्या वित्त कायद्याने रोपवाटिकेतील रोपांचे उत्पन्न शेतीचेच मानले. नुसता जुना निकाल वाचणारा येथे फसलाच म्हणायचा.

म्हणून आधी कायदा पाहावा. मूळ पाठ ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतो. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर परिपत्रकेही असतात. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल २०२३ पासून ‘ई-एससीआर’ वर आहेत, काहींची मराठी भाषांतरेसुद्धा. जळगाव-धुळ्याला लागतात ती उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ आणि आयकर अपील न्यायाधिकरणाचे पुणे खंडपीठ. तेथले निकालही घरबसल्या दिसतात.

आता एक मेख. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा कायदा आला. कलमांचे आकडे बदलले. मागल्या वर्षांचे वाद मात्र जुन्याच कायद्याने चालतात. तेव्हा नोटिशीवरचे वर्ष आधी, कलम मागून. गुरुजींनी शाळेच्या संगणकावर एवढे काढून दिले, तर वकिलाकडे जाताना शेतकऱ्याच्या हाती कागद असेल.