आग कुणाची, तेल कुणाचं?
खोबरेल तेलानं शरीरातला दाह वाढतो, ही भीती हल्ली कोकणातल्या स्वयंपाकघरांपर्यंतही पोचली आहे. तिचं मूळ रसायनशास्त्रातल्या एका मोहक साम्यात आहे.

ई. कोलाय या जीवाणूच्या बाह्य आवरणातलं विष म्हणजे एंडोटॉक्सिन. त्याचा दाहक भाग, लिपिड ए, सहा स्निग्धाम्लांच्या शेपट्यांचा. त्यातली एक लॉरिक आम्लाची, आणि खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्लच! हे विष ओळखणारा टीएलआर-4 हा ग्राहक ब्रूस ब्यूटलर यांच्या गटानं 1998 मध्ये हुडकला, तोही विष न बाधणाऱ्या उंदरांमुळे. पुढे 2001 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मॅक्रोफेज या प्रतिकारपेशींवर लॉरिक हे संतृप्त आम्ल घातलं आणि टीएलआर-4 खवळला. असंतृप्त आम्लांनी तसं काही झालं नाही. सगळं कसं चपखल!

इतकं चपखल जुळलं की मला धास्तीच वाटते. स्निग्धाम्लं पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून प्रयोगात ती अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटवून देतात. लेस्टरच्या एरिज आणि समानी यांनी 2009 मध्ये दाखवलं, की अशा अल्ब्युमिनमध्येच जीवाणूंचे अंश असतात. शुद्ध संतृप्त आम्लांनी ग्राहक थेट चेतला नाही. म्हणजे पेशी खवळल्या त्या भेसळीला!

मग चरबी निर्दोष? तसंही नाही. लँकॅस्टर, फेब्रेयो आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये दाखवलं, की पामिटिक हे संतृप्त आम्ल टीएलआर-4 ला चिकटत नाही. पण तो ग्राहक आधीच चेतलेला असेल, तर पेशीचा चयापचय नि पटलातली चरबी बदलते आणि मगच पामिटिक आम्ल दाह भडकवतं. आगीत तेल, अगदी शब्दशः. आधीचे संकेत असे महत्त्वाचे. गॅमा इंटरफेरॉनचा संकेत आधी मिळालेला मॅक्रोफेज तेवढ्याच विषाला टीएनएफ हे दाहक प्रथिन कितीतरी जास्त सोडतो.

उलट दिशेचा, म्हणजे चरबीनं दाह कमी होण्याचा, पुरावा जुना, आणि माणसांतला. 1989 मध्ये 9 निरोगी स्वयंसेवकांनी रोज 18 ग्रॅम माशांच्या तेलाचा अर्क 6 आठवडे घेतला. त्यांच्या रक्तपेशींना एंडोटॉक्सिन दिल्यावर इंटरल्यूकिन-1 बीटा हे दाहक प्रथिन 43 टक्क्यांनी कमी निघालं. अर्क थांबवून 10 आठवडे झाल्यावर तर घट 61 टक्के! माणसं नऊच, आणि 18 ग्रॅम म्हणजे काही तारल्यांचं कालवण नव्हे.

खाल्लेलं खोबरेल मॅक्रोफेजवर असं थेट ओतलं जात नाही. ते ट्रायग्लिसराइडच्या रूपात, प्रथिनांच्या वेष्टनातून रक्तात फिरतं. त्यानं एलडीएल कोलेस्टेरॉल वाढतं, हे मात्र माणसांवरच्या चाचण्यांत दिसलंय. पण तो विषय वेगळा.