चाकातली हवा आणि इशारा देणारा दिवा



भवानीनगर, सणसर, काटेवाडी भागात आता ट्रॅक्टरशेजारी चारचाकीही उभी दिसते. उसाचे बिल हाती आले की कोणी नवी गाडी घेतो, कोणी वापरलेली. पालखी मार्ग रुंद झाल्यापासून वेगही वाढला आहे. अशा वेळी एक प्रश्न नेहमी विचारला जातो : नव्या गाड्यांत टायरची हवा कमी झाल्यावर दिवा लागतो, त्याचा खरोखर उपयोग आहे का?

उपयोग आहे, पण त्याला मर्यादा आहे.

टायरमध्ये हवा कमी असली की त्याच्या बाजू सारख्या दबतात व उठतात. त्यामुळे टायर आतून तापतो. त्यात माणसे जास्त, ऊन वैशाखाचे आणि वेग भरधाव असला, की त्याचे थर सुटून टायर फुटण्याचा धोका वाढतो. अमेरिकेत सदोष टायर फाटून अनेक माणसे दगावल्यावर २००० साली तेथे कायदा झाला. सप्टेंबर २००७ पासून तेथील प्रत्येक नव्या मोटारीत हा दिवा सक्तीचा आहे. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना तो लागू झाला.

अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा खात्याने २०१२ साली पाहणी प्रसिद्ध केली. हवा फारच उतरलेला टायर घेऊन फिरण्याची शक्यता दिवा असलेल्या गाड्यांत सुमारे ५५ टक्क्यांनी कमी आढळली. मात्र ही पाहणी हवेची होती, अपघातांची नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

ही यंत्रणा दोन प्रकारची असते. एकीत प्रत्येक चाकाच्या आत हवा मोजणारे छोटे यंत्र असते. दुसरीत यंत्र नसते. हवा उतरलेले चाक इतरांपेक्षा किंचित जलद फिरते, त्यावरून अंदाज बांधला जातो. चारही चाकांची हवा सारखीच उतरली, तर ही दुसरी यंत्रणा फसू शकते.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे हवा पाव हिश्शाने घटल्यावर दिवा लागला पाहिजे. म्हणजे ३२ पौंड हवी असताना २४ पर्यंत उतरली, तरी दिवा गप्प राहू शकतो! टायर गुळगुळीत झाला, चिरला, जुना झाला, हे तर तो सांगतच नाही. खड्ड्यात आपटून टायर एकाएकी फुटला, तर आधी इशारा मिळत नाही. समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्यावर परिवहन खात्याला तेथे गाड्यांचे टायर तपासावे लागले, ते उगाच नव्हे.

म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) हवा मोजायचे गेज घरी ठेवावे. ते काही शे रुपयांत मिळते.

२) पंधरा दिवसांनी, व लांबच्या प्रवासाआधी, गाडी थंड असताना सकाळी हवा पाहावी. किती पौंड हवी, ते चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते. स्टेपनी विसरू नये.

३) तापमान साडेपाच अंशांनी उतरले की हवा सुमारे एक पौंडाने घटते. थंडीत पहाटे दिवा लागून दुपारी विझला, तरी हवा तपासावीच.

४) टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की टायर बदलावा. टायरवरील चार आकडी शिक्का पाहावा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. वापरलेली गाडी घेताना हे अवश्य पाहा.

५) घोड्याच्या नालेसारखी खूण व मध्ये उद्गारचिन्ह असा दिवा लागला, तर करकचून ब्रेक मारू नये. वेग हळूहळू कमी करून गाडी कडेला घ्यावी.

शेवटी आपल्या ट्रॉलीबद्दल. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांमागे असा दिवा नसतो. तेथे चालकाचा डोळा हाच दिवा. कारखान्याकडे निघण्यापूर्वी प्रत्येक टायर पाहावा. रात्री वाटेत पंक्चर झालेली, अंधारात उभी ट्रॉली मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराचा जीव घेऊ शकते. मागे रिफ्लेक्टर हवेच, शिवाय बंद पडलेल्या ट्रॉलीच्या बऱ्याच मागे इशाऱ्याची खूण ठेवावी. पाच मिनिटांची ही तपासणी एखाद्या घरचा कर्ता माणूस वाचवील.