बिली जीन किंग आणि एका डॉलरचा करार

श्रमाचे मोल बाजार ठरवितो, असे अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगतात. बाजाराचे नियम मात्र कोण ठरवितो? अमेरिकन टेनिसपटू बिली जीन किंगची कारकीर्द या प्रश्नाचे मार्मिक उत्तर आहे.

१९६८ मध्ये विम्बल्डन व्यावसायिक खेळाडूंना प्रथमच खुले झाले. पुरुष विजेता रॉड लेव्हर याला २,००० पौंड मिळाले, महिला विजेती बिली जीन हिला ७५०! पुरुष पाच सेट खेळतात, हे त्याचे नेहमीचे समर्थन. परंतु बक्षीस तासांवर द्यावयाचे, तर सामना झटपट जिंकणाऱ्याचे पैसे कापावे लागतील.

१९७० मध्ये ह्यूस्टन येथे बिली जीनसह नऊ खेळाडूंनी प्रत्येकी एका डॉलरचा करार केला आणि निलंबनाचा धोका पत्करून स्वतंत्र स्पर्धांची वाट धरली. १९७२ ची अमेरिकन खुली स्पर्धा जिंकूनही तिला १०,००० डॉलर मिळाले. पुरुष विजेत्या नस्तासेला २५,०००. पुढील वर्षी महिला खेळाडूंची संघटना स्थापन झाली, बिली जीन तिची पहिली अध्यक्षा झाली आणि त्याच वर्षी या स्पर्धेने बक्षिसे समान केली. विम्बल्डनला त्यासाठी २००७ साल उजाडावे लागले.

ग्रँड स्लॅमची ३९ अजिंक्यपदे तिच्या नावावर आहेत. तरीही एकट्या विजेतीची मागणी तक्रार ठरते. नऊ जणींची मागणी वाटाघाट होते. वेतनश्रेणीसाठी झगडलेल्या शिक्षक-कारकुनांना हे निराळे सांगावयास नको.