फेसाने ताठ झालेलं पोलाद

गाडीत बसताना दाराखालची जी लांब पट्टी आपण ओलांडतो, ती बोटाने वाजवून पाहा. पोकळ! सांगाड्यातले बहुतेक खांब आणि तुळया अशाच, जेमतेम मिलिमीटरभर पत्र्याच्या नळ्या. रेसिंगचे काही हौशी लोक या पोकळीत दोन द्रव मिसळून ओततात. बघता बघता मिश्रण फसफसून फुगतं, कानाकोपरा भरतं आणि घट्ट होतं. वळणावर पिळवटणारी गाडी तेवढ्याने ताठ होते.

पटतं का? हलका फेस तर नखाने दाबला तरी खळगा पडतो. पोलाद त्याहून हजारो पटींनी कडक. मग हा मऊ गडी पोलादाला कसला आधार देणार?

गंमत अशी, की तो भार फारसा उचलतच नाही. तेलाच्या रिकाम्या डब्यावर उभे राहा. पत्रा फाटत नाही. कुठेतरी एक पोचा येतो आणि अख्खा डबा बसतो. तो पहिला पोचा सुरू होतानाच अडवला, तर फार थोडा जोर पुरतो. फेस नेमका हाच जोर आतून, सगळीकडे लावून ठेवतो. पिळाखाली नळीचा चौकोनी छेद सर्वांत जास्त बिघडतो तो खांब आणि तुळई मिळतात तिथे. म्हणून सांध्यात ओतलेला फेस जास्त कामाचा.

पातळ पत्र्याची ही खोड अभियंता विल्यम फेअरबेर्नने 1845 मध्येच पाहिली होती. वेल्समधल्या ब्रिटानिया पुलासाठी तो लोखंडी नळ्यांच्या नमुन्यांची चाचणी घेत होता, आणि नळ्यांची वरची बाजू चुरगळत होती. उपाय? वरच्या भागात चौकोनी कप्पे. फेसातही कप्पेच असतात, फक्त असंख्य आणि इवलेसे.

ते बनतात कसे? एका द्रवात पॉलिऑल, दुसऱ्यात आयसोसायनेट. दोघं जुळून साखळ्या विणतात. त्यात थोडं पाणी असलं, की आयसोसायनेट त्याच्याशी भिडून कार्बन डायऑक्साइड सोडतं. म्हणजे बुडबुडा आणि त्याची भिंत एकाच वेळी तयार! चौकटीच्या फटी बुजवायचा डब्यातला पीयू (पॉलियुरेथेन) फोम मात्र इथे फसतो. तो पिकतो हवेतल्या ओलाव्यावर, आणि बंद नळीत ओलावा पोचणार कुठून? बाहेर कवच, आत चिकट गोळा.

कारखान्यातली युक्ती तर याहून देखणी. एपॉक्सीचा न फुगलेला तुकडा आधीच खांबात बसवतात. सांगाडा रंगाच्या हौदात बुडतो, तेव्हा रंग त्या तुकड्याभोवतीच्या मोकळ्या जागेतून आत पोचतो. मग भट्टीत, दीडशे अंशांच्या वर, रंग भाजला जातो आणि त्याच उष्णतेने तुकडा फुगून पत्र्याला चिकटतो. वेगळी भट्टी नको, वेगळा वेळ नको!

आता सर्वांत विलक्षण गोष्ट. रिकामी नळी चिरडायला लागणारी ऊर्जा आणि नुसता फेस चिरडायला लागणारी ऊर्जा यांची बेरीज करा. फेस भरलेली नळी त्या बेरजेपेक्षाही जास्त ऊर्जा गिळते. फेस आड येतो म्हणून पत्र्याला मोठ्या घड्या पडत नाहीत. लहान लहान पण जास्त पडतात, आणि प्रत्येक घडीला ऊर्जा लागते.

म्हणूनच पुढच्या तुळयांत हौसेने फेस ओतणं धोक्याचं: धडकेत त्यांनी किती आणि कसं दुमडायचं, हे आधीच ठरलेलं असतं. शिवाय पाणी निघायची भोकं बुजली की पत्रा आतून गंजतो. आणि तो गंज कापून वेल्डिंग करायला गेलात, तर जळत्या फेसातून हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू बाहेर पडतो.