वृक्षोत्सव आणि वृक्षसेवा

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या फैजपूरचे नाव भारताच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. खेड्यात भरलेले राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये येथेच झाले. त्या वेळी महात्मा गांधींनी शांतिनिकेतनचे विख्यात चित्रकार नंदलाल बोस यांना पाचारण केले आणि त्यांनी बांबूसारख्या, खेड्यात सहज मिळणाऱ्या साहित्यातून अधिवेशनाची नगरी सजविली. जे आपल्या भूमीत उपजते, त्यातही मोठी शोभा असते, हे त्या नगरीने देशाला दाखवून दिले. आज फैजपूर हे नगरपरिषदेचे शहर आहे. शहराच्या रस्त्यांवर कोणती झाडे लावावीत, या प्रश्नालाही हाच बोध लागू पडतो.

खानदेशचा उन्हाळा मोठा कडक. पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, जमीन भेगाळते. अशा हवेत शतकानुशतके तग धरून राहिलेली झाडे म्हणजे येथील देशी वृक्ष. अंजनाची मुळे खडकाळ जमिनीतही खोल शिरतात आणि त्याचा पाला गुरांना चारा म्हणून उपयोगी पडतो. कडुनिंब भर उन्हाळ्यात दाट सावली देतो. वड, पिंपळ व उंबर यांच्या फळांवर असंख्य पक्षी जगतात. इतकेच नव्हे, तर या प्रत्येक वृक्षाचे परागण करणारे चिमुकले कीटकही वेगवेगळे असतात. गुलमोहर मादागास्करहून आला, निलगिरी ऑस्ट्रेलियातून आली. ही झाडेही सुंदर आहेत. परंतु येथील पाखरांशी व कीटकांशी देशी वृक्षांचे जे जुने नाते आहे, ते परक्या झाडांना सहसा जुळविता येत नाही.

वृक्षांचा उत्सव आपल्या समाजाला नवा नाही. वटपौर्णिमेला वडाची पूजा होते, कार्तिकात आवळीच्या छायेत भोजन होते आणि दसऱ्याला आपट्याचे पान सोने म्हणून वाटले जाते. स्वातंत्र्यानंतर, १९५० साली, तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली. दर वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात देशभर वृक्षारोपण होते. तथापि, पूजेसाठी वडाच्या फांद्या तोडून बाजारात विकल्या जातात, सोन्यासाठी आपटे ओरबाडले जातात आणि समारंभात लावलेली कितीतरी रोपे पहिल्याच उन्हाळ्यात करपून जातात. ज्याच्या नावाने उत्सव करावयाचा, त्याचीच हानी व्हावी, हे उचित नव्हे.

म्हणून लागवडीहून जोपासनेचे महत्त्व अधिक. रोपाला पहिले दोन-तीन उन्हाळे नियमित पाणी मिळाले पाहिजे. बुंध्याभोवती पालापाचोळा पसरला, तर ओल टिकते. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. बुंध्यापर्यंत काँक्रीट केले, की दोन्ही तुटतात आणि मोठा वृक्षही हळूहळू खंगतो. याच कारणासाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरच्या आतील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला. पानांनी तयार केलेले अन्न सालीच्या आतील थरातून मुळांकडे जाते. रोपासाठी लावलेली लोखंडी जाळी किंवा तार वेळीच काढली नाही, तर ती वाढत्या खोडात रुतते आणि हा मार्ग रोखते. जाहिरातींच्या पाट्या ठोकताना मारलेले खिळे सालीला जखमा करतात व तेथून रोग शिरतो. पुण्यासारख्या शहरांत नागरिक सुटीच्या दिवशी एकत्र येऊन असे खिळे उपटून काढतात. हादेखील एक वृक्षोत्सवच होय.

शहरांतील झाडांच्या रक्षणासाठी महाराष्ट्रात १९७५ पासून स्वतंत्र कायदा आहे. नगरपरिषदेच्या हद्दीत परवानगीवाचून झाड तोडणे हा गुन्हा ठरतो. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या वृक्षांना विशेष संरक्षण मिळाले. परंतु प्रत्येक झाडापाशी कायदा पहारा देऊ शकत नाही. ते काम त्याच्या सावलीत वावरणाऱ्यांचे आहे. आषाढात रोप लावणारे हात वैशाखातही पाण्याची कळशी घेऊन त्याच रोपापाशी आले, तरच आपला वृक्षोत्सव सार्थ होईल.